गंज आणि मळ

विळीच्या पात्यावरचा गंज बाहेरून येऊन बसलेला नसतो. हवा-पाण्याच्या संगतीत लोखंडच गंज होते. धम्मपदाच्या 18व्या वर्गात, मलवग्गात, हाच दाखला आहे: लोखंडातून उपजलेला गंज लोखंडालाच खातो, तशी दुष्कर्म करणाऱ्याला त्याचीच कर्मे दुर्गतीला नेतात. शैव सिद्धान्तातला दृष्टांत तांब्यावरच्या कळंकाचा. तिथे आणवमल हा मूळ मळ जीवाला अनादि काळापासून चिकटलेला, तरी जीवाहून वेगळा. मग शुद्धी म्हणजे वरचे काढणे, की स्वतःतलेच काही गमावणे?

खंडेनवमीच्या आधी लोखंडी अडकित्ता रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवला की उत्तर हाताला लागते. गंज सुटतो, तळाशी तांबूस गाळ बसतो, पाते उजळते. पण गंज खोल गेला होता तिथे बारीक खड्डे दिसतात, आणि ते भरून येत नाहीत. फार वेळ ठेवल्यास आम्ल चांगले लोखंडही खाते. खरे तर कळंकही तांब्यातूनच होतो. त्यामुळे दृष्टांत म्हणून बौद्ध दाखलाच अधिक चोख. आणि उजळलेला अडकित्ता खायच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन, कोरडे पुसून लगेच तेलाचा हात फिरवला नाही, तर दमट हवेत गंज पुन्हा धरतो.