शब्दांचा धनी

आमच्या आजीचा एक हट्ट होता. एका नरकचतुर्दशीला अभ्यंगस्नान उरकून आम्ही मुले चिवड्याच्या ताटल्या घेऊन रेडिओभोवती बसलो होतो आणि 'प्रपंच' या १९६१ सालच्या बोलपटातले गाणे लागले. विठ्ठलालाच वेडा कुंभार ठरविणारे ते गाणे. आजीने दिव्याची वात सारता सारता हात जोडले नि म्हणाली, "गोरोबाकाकांचा अभंग!" वडील म्हणाले, "आई, अगं तो माडगूळकरांचा आहे. सिनेमातला. सुधीर फडके गाताहेत." आजीने ऐकून घेतले, पण हात काही सोडले नाहीत.

त्या दिवशी आम्ही हसलो. आता वाटते, त्या प्रसंगात हसण्यासारखे काही नव्हते. एका माणसाने पोटासाठी, निर्मात्याच्या मागणीवरून, बोलपटातल्या कुंभाराच्या कथेसाठी गाणे लिहिले. त्याचा अभंग झाला आणि लिहिणाराच नाहीसा झाला. ही त्याची लूट म्हणावी की मिळकत? आणि त्याच्याही आधीचा प्रश्न असा, की जो सकाळी लावणी लिहितो आणि संध्याकाळी अभंग, त्याचे खरे कोणते?

गजानन दिगंबर माडगूळकर १९१९ साली शेटफळे गावी जन्मले, माडगुळ्यात नि औंध संस्थानात वाढले. घरी दारिद्र्य. पोट भरायला कोल्हापूर गाठले आणि १९३८ च्या 'ब्रह्मचारी'त किरकोळ काम करून तोंडाला रंग लावला. पुढे काही काळ वि. स. खांडेकरांचे लेखनिक होते. दुसऱ्याची वाक्ये आपल्या हाताने उतरवायची, यापेक्षा पुढल्या धंद्याची चांगली शिकवणी कोणती? १९४७ साली 'रामजोशी' आला. शाहिराच्या स्वतःच्या रचनांच्या पंक्तीला माडगूळकरांच्या लावण्या बसल्या आणि ऐकणाऱ्यांना सांधा काही दिसला नाही. त्यानंतर दीडशेच्या आसपास मराठी चित्रपटांना त्यांची लेखणी लागली. कथा, पटकथा, संवाद, गीते, जे लागेल ते.

पैसे घेऊन लिहिले म्हणून नाक मुरडणारी मंडळी पूर्वीही होती. त्यांच्याशी वाद घालण्यात मला रस नाही. शाहिराला बिदागी मिळे, कीर्तनकाराच्या आरतीत पैसे पडत, आणि कुंभारही मडके फुकट देत नाही.

खोटेपणाचा आक्षेप मात्र टाळता येत नाही. जे भोगले नाही, जे मनात नाही, ते 'मी' म्हणून लिहायचे? इथे 'गीतरामायण' आठवावे. १ एप्रिल १९५५ च्या रामनवमीला पुणे आकाशवाणीवरून ते सुरू झाले. आठवड्याला एक गीत. त्या वर्षी पंचांगात अधिक महिना आला, म्हणून पुढल्या रामनवमीपर्यंत, १९ एप्रिल १९५६ पर्यंत, गीते छप्पन झाली. पहिल्याच गीताचा कागद ऐन वेळी गहाळ झाला आणि माडगूळकरांना खोलीत बसवून ते पुन्हा लिहून घेतले, अशी हकीकत सांगतात. स्फूर्तीची वाट पाहायला सवड कुठे होती?

आणि या छप्पन गीतांत कवी स्वतः जवळजवळ कोठेच बोलत नाही. बोलतात ती पात्रे. दशरथ बोलतो, अहल्या बोलते, शबरी बोलते आणि शूर्पणखाही बोलते. शबरीची कृतार्थता लिहिणाऱ्या हातानेच शूर्पणखेचा मोह लिहिला. यातले एक खरे आणि एक खोटे म्हणायचे काय? मला वाटते, खोटे बोलणारा मनुष्य दुसऱ्याचे शब्द आपले म्हणून खपवितो. हा मनुष्य आपले शब्द दुसऱ्याचे म्हणून देऊन टाकतो. त्याने वचन दिलेले असते ते त्या पात्राला. शूर्पणखेला तिची वासना तिच्याच तोंडून सांगू द्यायची, शेजारी उभे राहून डोळे मिचकवायचे नाहीत, एवढे इमान त्याच्याकडे मागावे.

पण हे लिहितानाच मन कचरते. ही पळवाटही होऊ शकते. जन्मभर दुसऱ्यांच्या तोंडून बोलणाऱ्याने आपले म्हणून काय सांगितले, असे कोणी विचारले तर? दीडशे चित्रपटांतले कितीतरी आज कोणी पाहत नाही. त्यांतली सगळीच गाणी काही इमानाने लिहिलेली नसणार, काही नुसती नायिकेला बागेत फिरविण्यासाठी असणार. तरीही १९५७ चा 'दो आँखें बारह हाथ' पाहावा. नाव झाले व्ही. शांतारामांचे, बर्लिनच्या महोत्सवात रौप्य अस्वल मिळाले. कथा मात्र माडगूळकरांची, आणि तिचे मूळ औंध संस्थानात आटपाडीजवळ वसविलेल्या स्वतंत्रपूरच्या खुल्या तुरुंगात. माडगूळ त्याच मुलखातले. म्हणजे हिंदी बोलणाऱ्या कैद्यांच्या तोंडीही तो आपल्या गावची माती घालीत होता. आपले सांगायला 'मी'च लागतो असे नाही.

राहिली लूट. पैशाची लूट आणि नावाची लूट यांत मी फरक करतो. गाणे बाहेर वाजले की त्याच्या मिळकतीत गीतकाराचा वाटा असतो आणि तो निर्मात्याला लिहून देता येत नाही, असे कायद्याने ठरायला २०१२ साल उजाडले. माडगूळकर १९७७ साली गेले होते. तो अन्यायच, त्याला निःस्वार्थीपणाचा मुलामा देऊ नये. नावाचे तितके सोपे नाही. 'देवबाप्पा'तले (१९५३) मोराचे गाणे बालवाडीतली पोरे हातवारे करीत म्हणतात. शब्द माडगूळकरांचे, चाल पु. ल. देशपांड्यांची, हे त्यांना कशाला ठाऊक असेल? पोराला ते सांगायला मी एकदा गेलो. त्याने क्षणभर थांबून पाहिले आणि उरलेला नाच पुरा केला.

उत्तरकांडात वाल्मीकी लवकुशांना रामापुढे गायला पाठवितो तेव्हा दोन गोष्टी बजावतो. द्रव्याचा लोभ धरू नका. आणि राजाने विचारलेच, तर आम्ही वाल्मीकीचे शिष्य, असे सांगा. पैसा नको म्हणणाऱ्या त्या ऋषीलाही नाव सांगावेसे वाटले! अर्थात त्याचे कंदमुळांवर भागत होते. 'गीतरामायणा'चे शेवटचे गीतही याच वाल्मीकीच्या तोंडी आहे. तो मुलांना गायला सांगतो आणि स्वतः मागे राहतो. ते लिहिताना माडगूळकरांच्या मनात काय आले असेल?

त्या नरकचतुर्दशीला वडिलांनी गीतकाराचे नाव पुन्हा एकदा, जरा मोठ्याने सांगितले. आजीने वात नीट केली आणि म्हणाली, "असतील. मग त्यांच्या कानात गोरोबाकाकांनीच सांगितले असेल. तू चकली खा."