उसनी मिशी

लहानपणी मी अतिशय लाजाळू होतो. हे सांगितलं की ऐकणारे माझ्याकडे जरा निरखून बघतात. मग हा रोग बरा कशाला झाला, असं त्यांना विचारायचं असावं.

आमचं कामरगाव कारंजा तालुक्यात. वाशीम जिल्हा झाला १९९८ साली. मी लाजत होतो तेव्हा आम्ही अकोला जिल्ह्यात होतो. घरी पाहुणे आले की मी मागच्या दारानं निघून पऱ्हाट्यांच्या ढिगाआड जाऊन बसे. पाहुणे मुक्कामाला असले तर पंचाईत होई. पण आजी निश्चिंत होती. नृसिंह सरस्वतींचं जन्मस्थान म्हणजे आमचं कारंजं. ते मुंजीपर्यंत ॐकाराखेरीज काही बोलले नाहीत आणि मुंज लागताच वेद म्हणू लागले, अशी गुरुचरित्रातली कथा. या भरवशावर आजीनं माझी सात वर्षं काढली. माझी मुंज झाली. भिक्षा मागायचं एवढंसं वाक्य, तेही शेवटी भटजींनीच माझ्या वतीनं म्हटलं. आजीनं वेदांवर पाणी सोडलं.

पुढे शाळेच्या गॅदरिंगमध्ये मला भालदाराचं काम मिळालं. निवडीमागचं कारण उघड होतं : भालदाराला एकही वाक्य नव्हतं. हातात भाला, डोक्याला काकाचं पागोटं आणि ओठावर काळ्या लोकरीची मिशी, डिंकानं डकवलेली. गंमत म्हणजे मिशी लागताच माझे पाय लटपटायचे थांबले. लोक बघत होते ते भालदाराला. माझा त्यात काही संबंध नव्हता.

अडचण गॅसबत्तीनं केली. ती नेमकी माझ्या डोक्यावर टांगलेली. घाम आला, डिंक सुटला आणि महाराज खलबतात असताना अर्धी मिशी हनुवटीवर लोंबू लागली. पोरांच्या घोळक्यातून कोणी तरी ओरडलं, "अबे, पाहारेकऱ्याची मिशी चालली!" आणि माझ्या तोंडून, कसं ते देव जाणे, खणखणीत बाहेर पडलं, "जाऊ दे नं बावा! मिशीच गेली, पाहारा थोडाच गेला!" वर मी भाला आपटला.

सारं गाव हसलं. टाळ्यांनी महाराजांची पुढची चार वाक्यं बुडाली, त्याबद्दल महाराज माझ्याशी महिनाभर बोलत नव्हते. एवढी माणसं आपल्यामुळे हसली, हे कळल्यावर माणूस पुन्हा पऱ्हाट्यांमागे जात नाही. आईनं त्या रात्री माझी दृष्ट काढली.

गोष्ट इथे संपवली असती तर व्यक्तिमत्त्व-विकासाच्या कुठल्याही वर्गात सांगायला उत्तम. हल्ली असे वर्ग गल्लोगल्ली निघाले आहेत आणि धीट मुलांची मोठीच पैदास चालू आहे. पण माझी गोष्ट तिथे संपली नाही.

पडदा पडल्यावर मी विजयाच्या भरात विंगेत भाला गरगर फिरवून दाखवत होतो. बघायला कोणी नव्हतं. भाला खाली उतरवून ठेवलेल्या गॅसबत्तीला लागला आणि काच फुटली. मी तिथून निघालो. बत्ती गावातल्या एका दुकानदाराकडून मागून आणलेली. ती परत पोचवायला गेला माझ्या वर्गातला एक मुलगा. त्याचा बाप त्या दुकानदाराच्या शेतावर सालदार होता. मुलगा बोलताना अडखळायचा. 'मी नाही'मधल्या 'मी'पाशी तो पोचेपर्यंत त्याचा कान पिळून झाला होता. काचेचे पैसे बापाच्या सालातून कापायचे ठरलं.

हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. मी, अख्ख्या गावासमोर बोललेला मुलगा, गप्प बसलो. दोन दिवस. कोणी 'मिशी' म्हणून हाक मारली की ऐटीत मान डोलवायचो आणि तो मुलगा समोरून आला की रस्ता बदलायचो. लाजण्याचे दिवस मला बरे वाटू लागले. तेव्हा निदान माझ्या गप्प राहण्याचा दुसऱ्याला भुर्दंड नव्हता.

मोठेपणी गांधीजींची आत्मकथा वाचताना मला हे दोन दिवस आठवले. गांधीजी विलायतेत इतके बुजरे, की १८९१ साली मायदेशी निघताना मित्रांना जेवण दिलं, त्यासाठी घोकून ठेवलेलं विनोदी भाषण पहिल्या वाक्यालाच अडलं. आभार मानून बसावं लागलं. पण त्याआधीची हकिकत मोठी. लंडनच्या शाकाहारी मंडळातून एका डॉक्टरांना त्यांच्या मतांपायी काढायचं घाटत होतं. डॉक्टरांचं मत गांधीजींनाही पटत नव्हतं, पण तेवढ्यासाठी माणूस काढणं त्यांना अन्यायाचं वाटलं. उभं राहून बोलायची छाती नाही, म्हणून त्यांनी म्हणणं लिहून नेलं. ते वाचवेना, तेव्हा दुसऱ्यानं वाचून दाखवलं. ठरावात हरले. म्हणजे तोंड उसनं, पण म्हणणं स्वतःचं. माझं बरोबर उलट झालं होतं. मग आमच्यात भित्रा कोण, हा प्रश्न मी फार वेळ चघळला नाही; उत्तर गैरसोयीचं होतं.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी दुकानात गेलो. खिशात मिशी होती. डिंक नव्हता, म्हणून ती डाव्या हातानं ओठावर धरली, उजव्यानं मुजरा केला आणि भालदाराच्या आवाजात म्हणालो, "महाराज, काच या भालदारानं फोडली!"

दुकानदार गूळ तोलत होते. चारदोन गिऱ्हाइकं उभी होती. त्यांनी वर न बघताच विचारलं, "भालदारानं? मग भालदाराले पाठव. तू काहून आला?"

याला उत्तर मी बसवलेलं नव्हतं. हात खाली आला. मिशी गुळाच्या पारड्यात पडली.

"मी फोडली," मी म्हणालो. आवाज इतका बारीक, की त्यांनी "काय?" म्हणून विचारलं. ते पुन्हा म्हणावं लागलं. कोणी हसलं नाही. टाळ्या तर दूरच. त्यांनी पारड्यातून मिशी चिमटीत उचलून माझ्या हातात दिली आणि "बरं, बाबाले सांगतो तुह्या," एवढंच म्हणाले.

बाबांनी काचेचे पैसे भरले आणि त्यांची वसुली माझ्या पाठीवर केली. आजी मध्ये पडली नाही.

दुसऱ्या दिवशी तो मुलगा शाळेच्या आवारात माझ्यासमोर उभा राहिला. त्यानं बराच प्रयत्न केला आणि विचारलं, "त... त... तू सांगितलं?"

'हो' म्हणायला मलाही जवळजवळ तेवढाच वेळ लागला.