न उगारलेल्या हाताचे स्मारक

युद्धाचे स्मारक बांधायला साहित्य तयार असते. तोफ असते, जिंकलेला बुरूज असतो, कामी आलेल्यांची यादी असते आणि शत्रू कोण याविषयी कुणाला शंका नसते. सत्याग्रहाने मागे असे काही ठेवले नाही. ६ एप्रिल १९३० रोजी दांडीच्या किनाऱ्यावर उचलले गेले ते चिमूटभर मीठ. तेवढ्या ऐवजावर वास्तू उभी करायची, ही वास्तुविशारदाची खरी परीक्षा.

विजयाला उंची हवी असते, संयमाला तिची गरज नसते. पण उंची मीटरमध्ये सांगता येते, म्हणून समित्यांना ती आवडते.

सत्याग्रहात न केलेल्या गोष्टींना मोल होते. हात उगारला नाही, पाऊल मागे घेतले नाही, दंड भरला नाही. त्याचे स्मारकही वास्तुविशारदाने काय काय नाकारले यावरूनच जोखावे.

साबरमती आश्रमातल्या गांधी स्मारक संग्रहालयाचे काम १९५८ मध्ये चार्ल्स कोरियांकडे आले. मूळ गोव्याच्या घराण्यातला, मुंबईत काम करणारा हा तरुण तेव्हा तिशीच्या आत होता. त्या वयात, तेही नेहरूंच्या काळात, काँक्रीटचा मोठा घुमट घालायचा मोह कुणालाही झाला असता. पण शेजारी हृदयकुंज, म्हणजे गांधीजींचे आश्रमातले राहते घर होते. कोरियांनी सहा मीटरचा चौरस खण हे माप धरले आणि तेच पुन्हा पुन्हा वापरले. विटांचे खांब, वर कौलारू छप्पर, खिडक्यांना काचेऐवजी लाकडी झडपा. काही खण भिंतींनी बंद, काही मोकळे, मध्ये पाण्याचा चौक. तुळयाच पन्हळीसारख्या घडवलेल्या, म्हणजे छपराचा भार तोलणारी तुळई पावसाचे पाणीही वाहून नेते. मे १९६३ मध्ये नेहरूंनी उद्घाटन केले.

या वास्तूला दिमाखदार दर्शनी बाजू नाही. माणूस कुठल्याही खणातून कुठल्याही खणात जातो. काय आधी पाहावे, हे कुणी बजावत नाही. आणखी एक खण जोडावासा वाटला, तर जागा आहे. स्वराज्याचे काम पुरे झाले, असे ही वास्तू कधीच म्हणत नाही.

दिल्लीच्या राजघाटाची रचना वनू भुतांची. काळ्या दगडाचा चौथरा आणि डोक्यावर आभाळ. छत घातले असते, तर ते कुणाचे, असा प्रश्न आला असता.

स्वतःच्या पुतळ्यावर पैसा खर्च करायला गांधीजींचा विरोध होता. आपण तो विरोध मोठ्या आदराने ऐकला आणि गावोगाव पुतळे बसवले.

दांडीत ३० जानेवारी २०१९ रोजी राष्ट्रीय मीठ सत्याग्रह स्मारक खुले झाले. सुमारे १५ एकरांचा परिसर, दांडीयात्रेतल्या यात्रेकरूंचे ८० पुतळे, ४० मीटर उंचीची पोलादी चौकट आणि तिच्या टोकाला उजळणारा स्फटिक. रात्री तो दुरून दिसतो. पण त्याच आवारात अशीही सोय आहे, की पाहुण्याने खारे पाणी घ्यावे, आटवावे आणि चिमूटभर मीठ घरी न्यावे. चौकट पाहताना मान वर होते. मीठ करायला खाली वाकावे लागते, आणि १९३० मध्ये देश असाच वाकला होता. माझे मत मिठाला.

पुतळे नेहमी यात्रेकरूंचे होतात, कारण त्यांची नावे ठाऊक असतात. त्या वर्षी तुरुंगात गेलेल्या सुमारे ६० हजारांचे काय? मे महिन्यात कोकणातल्या शिरोड्याच्या मिठागरांवर चालून गेलेल्यांचे काय? एवढे पुतळे घडवता येणार नाहीत. म्हणून अशा स्मारकात रिकामी जागा ठेवावी लागते. ज्यांची नावे राहिली नाहीत, त्यांची ती जागा.

प्रतिपक्षाला कुठे उभे करायचे, हा सर्वांत अवघड प्रश्न. सत्याग्रहीला त्याचा पाडाव करायचा नव्हता, त्याचे मन वळवायचे होते. तेव्हा लाठी चालवणाऱ्याच्या नातवालाही या वास्तूत येता यावे, आणि आत आल्यावर लाठी त्याच्यापासून लपवलेली नसावी. धारासण्याच्या मिठागरावर २१ मे १९३० रोजी रांगेमागून रांग पुढे गेली आणि डोकी फुटली. हुकूम गोऱ्या अधिकाऱ्यांचा होता, लाठ्या बहुतेक हिंदी शिपायांच्या हाती होत्या. तो नातू आपल्याच गल्लीत राहत असेल.

पुरावा सजवला की तो साक्ष देईनासा होतो. जालियनवाला बागेत शिरण्याची गल्ली अरुंद आहे, आणि १३ एप्रिल १९१९ ची निम्मी हकीकत त्या अरुंदपणातच आहे. २०२१ च्या नूतनीकरणात तिच्या भिंतींवर माणसांची शिल्पे आली. इतिहासकारांनी हरकत घेतली, ती योग्यच होती. त्या भिंती कोऱ्या राहायला हव्या होत्या.

हात न उगारता दिलेल्या लढ्याला किती लहान खूण पुरते, हे भारताबाहेरही दिसते. २३ ऑगस्ट १९८९ रोजी एस्टोनिया, लॅटव्हिया आणि लिथुआनियाच्या सुमारे २० लाख लोकांनी हातात हात धरून टॅलिनपासून व्हिल्नियसपर्यंत सहाशे किलोमीटरहून लांब साखळी केली. दोन वर्षांत तिन्ही देश सोव्हिएत सत्तेतून मोकळे झाले. साखळी जिथे संपली, त्या व्हिल्नियसच्या कॅथेड्रल चौकात खूण म्हणून जमिनीत एक फरशी बसवली आहे. लोक तिच्यावरून चालतात, तिच्यावर उभे राहतात. एवढ्या मोठ्या दिवसाला तेवढी फरशी पुरते.

सेवाग्रामची बापूकुटी कुणी स्मारक म्हणून बांधली नाही. माती, बांबू, कौले. ग्रॅनाइट एकदा बसवला की विसरता येतो; मातीच्या भिंतीला पावसाळ्यानंतर लिंपावे लागते, सारवावे लागते. जे स्मारक दर वर्षी कुणाचे तरी हात मागते, त्याचा आपल्याला विसर पडत नाही. निगा राखणे हीच तिथली पुष्पांजली.

उद्घाटनाला गर्दी होतेच. वास्तूची किंमत कळते ती एखाद्या साध्या मंगळवारी, शाळेची सहल परत गेल्यावर आत कोण थांबते त्यावरून.

स्मारक समितीच्या सदस्यांनो, वास्तुविशारदाच्या अर्जातला उंचीचा रकाना काढून टाका. त्या जागी एवढेच विचारा: इथे येणारा माणूस स्वतःच्या हाताने काय करील? उत्तर नुसते ‘फोटो काढील’ असे आले, तर तो आराखडा परत पाठवा.