काचेच्या झाकणाखाली

बसा. डोळे मिटू नका, हे मनन उघड्या डोळ्यांनीच करायचं आहे.

हवानातलं एक दुकान डोळ्यांसमोर आणा. काउंटरवर कोहिबा या क्यूबन सिगारांची पेटी आहे. काचेचं झाकण, आत 25 सिगार. दुकानदार आवाज उतरवून सांगतोय, भाऊ कारखान्यात आहे, म्हणून हा भाव. त्याला बोलू द्या. तुम्ही एक श्वास सावकाश सोडा आणि बघा, हात खिशाकडे निघाला का? निघाला असेल तर असू दे. भल्याभल्यांचा निघतो.

आता झाकणाकडे या. अस्सल कोहिबा काचेच्या झाकणात येतच नाही. खरं तर गोष्ट इथंच संपली. पण आपल्याला कुठं विकत घ्यायचंय? थांबू या.

हिरवं सरकारी सील आहे का? क्यूबात ते 1912 पासून चालत आलंय. असेल, पण सील छापायला छापखाना पुरतो. त्यापेक्षा पेटी उलटी करा आणि तळावरून बोट फिरवा. 'एचो एन कूबा', म्हणजे 'क्यूबात बनलेलं', ही अक्षरं लाकडात डागलेली असतात, बोटाला खोलगट लागतात. इथं बोट नुसतं घसरतंय.

परत सुलटी करा. सिगारांचे रंग बघा, घाई नको. अस्सल पेटी भरण्याआधी एक माणूस फक्त रंग निवडत बसतो. डावीकडे गडद, उजवीकडे फिकट, दोन शेजाऱ्यांतला फरक जेमतेम कळावा इतका. (आमच्याकडे साड्यांच्या दुकानात असा डोळा असलेला एखादा जुना नोकर असायचा.) या पेटीत मात्र काळ्याशेजारी पिवळट, आणि कागदी पट्ट्या वरखाली.

एक सिगार उचला. अंगठा आणि बोटात हलकेच दाबत टोकापर्यंत जा. वळणाऱ्यानं आतली पानं अखंड लांबीची घातली असतील, तर दाब सगळीकडे सारखा लागतो. इथं मध्येच पोकळ, पुढं गाठ. पेटवायचं टोक स्वतःकडे वळवा. घड्या घातलेल्या पानांच्या कडा दिसायला हव्यात. दिसतोय भुसा.

तळहातावर टोक हलकेच आपटा. चुऱ्याचे पाच-सहा कण पडतात. त्यांचा वास घ्या.

दुकानदार अजून भावाबद्दलच बोलतोय.