सनद आणि मुख्त्यारनामा

उर्दूत पदवीच्या कागदाला 'सनद' म्हणतात. मराठीतही हा शब्द आहेच. चार्टर्ड अकाउंटंटला आपण 'सनदी लेखापाल' म्हणतो. पण सनद असलेल्या माणसाने जाहीर निवेदनावर सही केली, तर त्या सहीचे वजन किती धरावे?

मार्च २०१९ मध्ये १०८ अर्थतज्ज्ञ व समाजशास्त्रज्ञांनी निवेदन काढले: सरकारी आकडेवारीतला राजकीय हस्तक्षेप थांबवा. काही दिवसांतच १३१ सनदी लेखापालांनी त्याविरुद्ध निवेदन काढले. वाचकापुढे उरली ती फक्त मोजणी; जणू ज्याच्या सह्या जास्त, त्याचे खरे!

वास्तविक कंपनीचा ताळेबंद तपासण्याचे इल्म वेगळे आणि लाखभर कुटुंबांच्या पाहणीतून बेरोजगारी काढण्याचे वेगळे. त्या वर्षी जानेवारीतच राष्ट्रीय सांख्यिकी आयोगाच्या पी. सी. मोहनन आणि जे. व्ही. मीनाक्षी या दोन सदस्यांनी राजीनामे दिले होते. हे त्यांचे स्वतःचे क्षेत्र होते आणि गवाहीसाठी त्यांनी पद सोडले. रखडलेला अहवाल निवडणुकीनंतर, ३१ मे रोजी बाहेर आला. २०१७-१८ ची बेरोजगारी ६.१ टक्के होती. तो आकडा कोणत्याही बाजूच्या सह्या मोजून कळला नसता.

मात्र नुसती सनदही पुरत नाही. १८७० साली पुण्यात सार्वजनिक सभा स्थापन झाली. तिच्या सभासदाला किमान ५० माणसांच्या सह्यांचा मुख्त्यारनामा आणावा लागे. म्हणजे सरकारकडे अर्ज करणाऱ्याला 'तुम्ही कोणाच्या वतीने बोलता?' याचे उत्तर देता येई. आमच्या नाशिक जिल्ह्याला हा प्रश्न चांगला कळतो. डिसेंबर २०२३ मध्ये कांद्यावर निर्यातबंदी आली, ती मे २०२४ पर्यंत राहिली. महागाईचा हिशेब तज्ज्ञ मांडतील. पण खरिपाचा लाल कांदा चाळीत टिकत नाही, मिळेल त्या भावाला विकावाच लागतो, हे शेतकरी सांगेल. त्याची सही अंगठ्याची असली तरी त्या बाबतीत साक्षीदार तोच.

आपल्या समाजात पदवीला मोठी इज्जत आहे, कारण ती कष्टाने मिळालेली असते. म्हणूनच निवेदन घेऊन आलेले लोक म्हणतात, "सर, सही करा, पुढे बी.एड. लिहा." मूल कसे शिकते, यावर माझी बी.एड. बोलू शकते. यंत्रमागाच्या वीजदरावर ती मुकी आहे. तिथे मी सही जरूर करीन, पण नागरिक म्हणून, नावापुढे पदवी न लावता. ज्या विषयाचे ज्ञान नाही तिथे सनद दाखवणे, ही खोट्या गवाहीचीच एक सभ्य तऱ्हा आहे.