घरचा नेम

वारी वर्षातून दोनदा, एकादशी महिन्यातून दोनदा. घर मात्र रोजचे. त्या रोजच्या घरात पोथी किती वेळा उघडते, हे आम्ही आज माळकरी मंडळींस विचारणार आहोत. पण आधी आमचेच सांगतो.

कीर्तनाच्या निमित्ताने आम्ही गावोगाव फिरतो आणि परक्यांच्या ओसरीवर बसून नित्यनेमाचा महिमा सांगतो. एकदा घरी हरिपाठ चालला असता नातू म्हणाला, "आजोबा, तुम्ही फार भरभर म्हणता. याचा अर्थ काय?" आम्ही म्हटले, उद्या सांगू. दुसऱ्या दिवशी बाहेरगावी कीर्तन होते. तो उद्या काही उगवला नाही. पोराने पुन्हा विचारले नाही, आणि तेच आम्हांस लागून राहिले.

ही बोच मनात असतानाच आनंदनगरला जाणे झाले. अंबरनाथ म्हटले की लोकांस शके ९८२ मधले शिलाहारकालीन शिवालय आठवते; पण आनंदनगरकडे कारखान्यांची वस्ती. माणसे पाळीवर जातात, ह्या आठवड्यात दिवसपाळी तर पुढल्या आठवड्यात रात्रपाळी. जे कारखान्यात नाहीत ते लोकलने मुंबईस. साठ किलोमीटर जाणे, साठ किलोमीटर येणे. गाडीच्या डब्यात टाळ वाजतो, भजन रंगते, ही काही थोडी गोष्ट नव्हे. पण ते भजन डब्यातच राहते. घरी पोचतो तो शिणलेला देह.

ज्या माळकऱ्याकडे आम्ही उतरलो होतो, तो रात्रपाळीचा. आम्ही त्यास उपदेश करू लागलो, की संध्याकाळी सात वाजता सर्वांनी मिळून बसावे. तो हसला. म्हणाला, "महाराज, सातला मी डबा घेऊन फाटकाबाहेर असतो." मग त्याने आपली रीत सांगितली. त्यांनी नेम घड्याळाला बांधला नाही, दिव्याला बांधला. देवापुढे दिवा कोणी ना कोणी लावतेच. त्या वेळी घरात जे असतील, चौघे असोत की एकटी पोर असो, त्यांनी पाच ओव्या अर्थासह वाचायच्या आणि मोरपिसाची खूण ठेवायची. जो घरी नव्हता, त्यास पान वाढल्यावर सांगायचे, की आज इथवर आलो, असे असे होते.

ह्या सांगण्यातच सगळी मेख आहे. पुढे सांगावे लागणार हे ठाऊक असले म्हणजे वाचताना मन पळत नाही. शिवाय सांगायचे काम धाकट्या मुलीकडे! ती चुकते. बाप रागे भरत नाही. हात धुतो आणि पोथी काढून दोघे पाहतात. (एक सूचना आमची: हे सारे घरच्या बाईच्या गळ्यात टाकून पुरुषांनी वर्तमानपत्र उघडू नये.)

पाच ओव्यांनी काय होणार, असे कोणी म्हणेल. हिशेब करा. भक्तियोगाचा बारावा अध्याय सुमारे अडीचशे ओव्यांचा. तेथून आरंभ केला तर पन्नास दिवसांत तो पुरा होतो. सबंध ज्ञानेश्वरी सुमारे ९,००० ओव्यांची. रोज पाचप्रमाणे पाच वर्षे. पाचवीत गेलेले पोर दहावीला बसेपर्यंत माउली पूर्ण ऐकून होते. पारायणाचे पुण्य आम्ही उणे लेखीत नाही, पण सात दिवसांच्या वेगात किती शब्द आपल्याजवळ थांबतात, हे ज्याचे त्याने पाहावे.

दुसरी तक्रार अशी, की मुले इंग्रजी शाळेत जातात, त्यांस ओवी कळत नाही. अहो, आपणांस तरी कुठे सगळी कळते? शके १२१२ ची ती मराठी. तीनशे वर्षांनी पाठ बिघडलेले पाहून खुद्द नाथमहाराजांस शके १५०६ मध्ये पोथी शुद्ध करावयास बसावे लागले. सोनोपंत मामांच्या सार्थ ज्ञानेश्वरीत ओवीसोबत अर्थ दिला आहे. तो बापानेही वाचावा, लेकानेही. अडलेल्या शब्दापुढे दोघे सारखेच.

जोगमहाराजांनी १९१७ साली आळंदीस वारकरी शिक्षण संस्था काढली आणि तेथून कीर्तनकारांच्या पिढ्या तयार झाल्या. परंतु जनाबाई कोणत्या पाठशाळेत गेली होती? नामदेवरायांच्या घरी दळणकांडण करता करता तिच्या मुखी अभंग आले. चोखोबांच्या घरी सोयराबाई आणि कर्ममेळा ह्यांचेही अभंग झाले. देवळाचे दार ज्यांस बंद होते, त्यांचे घरच सबंध अभंगाचे झाले. आपणांस तर दार उघडे आहे, पोथी विकत मिळते, दिवा विजेचाही चालतो.

असो. आनंदनगरहून परतल्यावर आम्ही नातवापाशी बसलो आणि त्याचा तो जुना प्रश्न आपणच काढला. तो जरा संकोचला, पण बसला. तेव्हापासून आमच्याकडेही मोरपीस फिरू लागले आहे. मध्ये चार दिवस जागचे हलले नाही, हेही सांगितले पाहिजे. परवा आम्ही कीर्तनाहून रात्री उशिरा आलो. पान वाढले होते, नातू जागा होता. म्हणाला, "आजोबा, आज दोनच ओव्या झाल्या. तिसरीत एक शब्द अडला, आईलाही येईना." त्याने शब्द सांगितला. तो आम्हांसही येईना. भात निवत ठेवून आम्ही चष्मा शोधू लागलो.