अंतर आणि संकल्प

मुंबईच्या विमानतळावरून टोकियोपर्यंतचे सुमारे ६,७५० किलोमीटरांचे अंतर आज आठ-नऊ तासांत कापले जाते; परंतु वसईचे सुपुत्र संत गोन्सालो गार्सिया ज्या काळी जपानात गेले, त्या काळी वाऱ्याची मर्जी सांभाळीत कित्येक महिने समुद्रावर काढावे लागत. प्रवास सुलभ झाला म्हणजे श्रद्धेचे मोलही घटते काय? मला तसे वाटत नाही, कारण समुद्र त्यांनी व्यापारासाठीही ओलांडला होता. त्यांच्या श्रद्धेची खरी कसोटी १५९७ च्या हिवाळ्यात लागली; डाव्या कानाचा तुकडा छाटलेल्या अवस्थेत सहकाऱ्यांसह महिनाभर त्यांना नागासाकीपर्यंत चालविण्यात आले, आणि ५ फेब्रुवारीस क्रुसावर देहान्त झाला. म्हणून परदेशातून विमानाने वसईतील गास येथील त्यांच्या तीर्थस्थानी येणाऱ्या भाविकाची भक्ती मी यत्किंचितही उणी लेखीत नाही.